साक्रीचा सा

शेजारची सुभद्राक्का काहीही नवं समोर आलं की आधी विचारायची, "हाई माले कोठे लई जाई?" नवी चप्पल असो की नवा देव, प्रश्न हाच: हे मला कुठे नेणार? भडगावच्या शाळेत संध्याकाळी साक्षरता वर्ग सुरू झाला आणि कॉलेजातून निवृत्त झालेला मी तिथे हौसेने मास्तर झालो, तेव्हा तिने मलाही तोच विचारला.

पहिल्या दिवशी मी शिकवलं काहीच नाही, सांगितलं फार. पूर्वी मुलाचं शिक्षण 'ॐ नमः सिद्धम्'ने सुरू व्हायचं, ते हजारो जिभांवर झिजून 'ओनामा' झालं. आणि अक्षर म्हणजे जे नाश पावत नाही ते. आक्काने पाटीवरचा माझा अ पदराने पुसला. "हाऊ तं गया ना भाऊ."

तिला घाई होती. लेक, तिच्या बोलीत आंडेर, साक्रीला, नुकतीच बाळंत झालेली. जळगावचा मुलगा म्हणे, सवड मिळाली की नेतो. एकटीने जायचं तर धुळ्याला गाडी बदलावी लागे, आणि मागच्या खेपेला कुणीतरी तिला शिरपूरच्या गाडीत बसवून दिलं होतं. "सरकारनी बायास्नं तिकीट अर्धं करं," ती म्हणायची, "पन बोर्ड कोन वाची दी?"

"अ पासून क्रमाने जाऊ," मी म्हटलं. "साक्रीतला क्री जोडाक्षर आहे. जोडाक्षरं शेवटी."

"तवलोंग नातनं लगीन व्हई जाई. मनी आंडेर साक्रीले शे. अ ले कोन शे?"

अ ला माझंही कुणी नव्हतं. आम्ही सा पासून सुरुवात केली.

एकदा सकाळी गेलो, तर भाकरी थापता थापता परातीतल्या पिठात ती बोटाने सा काढत होती. मी हरखलो. पूर्वी लाकडी फळीवर धूळ पसरून मुलं अशीच बोटाने लिहायची, म्हणून ती धुळाक्षरं, वगैरे वगैरे. मी थांबलो तेव्हा तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला होता. आक्काने ती मलाच वाढली. "खाय. हाई तुना इतिहासनी भाकर."

क्रीने तिला रडवलं, पण तो आला. मग एका सकाळी ती पिशवी घेऊन निघाली. धुळ्यापर्यंत येतो म्हटलं, तर म्हणाली, "तू बोलत बसशी, अन् गाडी चालनी जाई."

दिवसभर मी फोनकडे बघत बसलो. संध्याकाळी तो वाजला. "पोचनू भाऊ. कोनलेच इचारं नही." मागे बाळ रडत होतं. मी अभिमानाने फुगलो, आणि मग आठवलं. परतीच्या गाडीवर भडगाव लिहिलेलं असतं, आणि भ मी शिकवलाच नव्हता.

मग फोनवरच भ समजावू लागलो. आधी एक गाठ, मग आडवी रेघ, मग... इतक्या शब्दांच्या जन्मकुंडल्या पाठ, पण भ कसा दिसतो हे सांगायला शब्द सापडेना.

"ऱ्हाऊ दे भाऊ," आक्का म्हणाली. "माले काई घाई नही."

दोन दिवाळ्या गेल्या. लेक पुन्हा नोकरीला जाऊ लागली, नात आक्कापाशी असते, आणि शेजारच्या दाराला कुलूप आहे.