बुटाखालचा पितळी कीस

समई घासली, की बोटांना पितळेचा वास येतो आणि टोकियोच्या निशी-कसाईतल्या या घरातून मी थेट पीएचडीच्या दिवसांतल्या वर्कशॉपमध्ये पोचतो.

त्या संध्याकाळी लेथ बंद करून आम्ही तिघं निघालो होतो. दारात इस्रायलची नोआ मला म्हणाली, "थांब, बूट दाखव." तळाला रुतलेला पितळेचा कीस तिने चिमटीने काढला. काढता काढता ती सांगू लागली, तिकडे इंग्रजांचं राज्य असताना तिची आजी ज्यूंच्या एका गुप्त सशस्त्र संघटनेसाठी लाँड्रीखालच्या तळघरात बंदुकीच्या गोळ्या बनवायची. वर येताना मुली एकमेकींचे बूट तपासायच्या. एक चकचकीत कण दिसला असता, तरी सगळ्या फासावर गेल्या असत्या.

आमच्यातला तिसरा सामी, पॅलेस्टिनी. इंग्रज गेल्यावर पेटलेल्या लढाईत तशाच गोळ्यांपुढे त्याच्या आजोबांनी गाव सोडलं होतं. ट्रेन चुकेल म्हणत मी उगाच घाई करू लागलो.

सामीने भिंतीला हात टेकून पाय उचलला. "माझाही बघ."

नोआ खाली बसली आणि किती तरी वेळ नीट बघत राहिली. मी मूर्खासारखा घड्याळ बघत होतो.

हल्ली बातम्या बघवेनाशा झाल्या, की मी समई काढतो. घासलेलीच असली तरी.