गजूभाऊंचं लपण

“पकड बे! दोरी पकड! हात तुटला तरी चालन, दोरी सोडू नको!”

शेजारच्या अंगणातून हा हुकूम सुटला तेव्हा मी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला बाहेर पडलो होतो. आयर्लंडच्या डोनेगाल भागात, लेटरकेनीत राहायला येऊन मला आठवडाही झाला नव्हता. वर पाहतो तर झाडपाल्याची चित्रं छापलेला एक तंबू कुंपणावरून उडत माझ्याकडे येतोय आणि त्याच्या मागे हाफ पँट आणि माकडटोपी घातलेला एक आडवा माणूस धावतोय. मी दोरी पकडली. पुढचं शपथेवर सांगतो, लोक विश्वास ठेवत नाहीत तो भाग वेगळा. डोनेगालच्या वाऱ्याने मला असं अलगद उचललं, की समोरच्या बाईंच्या वरच्या खिडकीच्या काचा पुसायच्या राहिल्यात हे मला स्पष्ट दिसलं. उतरलो तो थेट मागच्या कुरणातल्या मेंढ्यांत.

“खुट्ट्या ठोकाच्या राहिल्या राजा,” तो माणूस धापा टाकत म्हणाला. “वानखडे. अमरावती. तू पुण्याचा दिसते. पुण्याची माणसं हलकीच. माही बायको बी पुण्याचीच, पण ते वजनदार हाय.”

हे गजानन वानखडे, म्हणजे आमचे गजूभाऊ. दिवसभर घरून कंपनीचं काम करायचे. त्यांची मीटिंग सुरू असली की मला रेडिओ बंद करावा लागे. ते कुजबुजले तर स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना कळत असावं, असा माझा अंदाज आहे. त्यांची बायको, डॉक्टर माधुरीवहिनी, हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ. मला वाटायचं, हिला औषधाची गरज काय? नवऱ्याला वॉर्डात आणून दहा मिनिटं बोलायला लावलं तरी पेशंटची शुद्ध हरपेल.

तो तंबू म्हणजे शिकाऱ्याचं लपण. जमिनीवर मांडायचं, आत काळोख करून बसायचं आणि हरीण जवळ येण्याची वाट पाहायची. कॉलेजात गजूभाऊ तिरंदाज होते. पुढे नोकरीसाठी अमेरिकेत गेले, तिथल्या शेजाऱ्याने त्यांना धनुष्यबाणाच्या शिकारीचा नाद लावला. आयर्लंडमध्ये धनुष्याने शिकार करायला कायद्याने बंदी, म्हणून इथे आल्यावर धनुष्य कपाटात गेलं, लपण मात्र बाहेर राहिलं.

“अमेरिकेत किती मारली गजूभाऊ?” मी एकदा विचारलं.

“एक बी नाही. बाण लावाचो, ओढाचो, अन् पाहतच राह्यचो. शेजारी म्हणे, मिस्टर, तू हरणाले मोहित करू रायला का?”

लपणाचं शास्त्र मात्र त्यांना पाठ होतं, आणि ते रोज कुंपणाआडून माझ्यावर सोडलं जाई. तंबू आठवडाभर आधी मांडून ठेवायचा, म्हणजे हरणांना तो झुडपासारखा सवयीचा होतो. त्यात नेच्याचे झुबके खोवायचे. वारा हरणाकडून आपल्याकडे यायला हवा. मागच्या खिडक्या बंद, अंगात काळे कपडे, पायाखालची वाळकी पानं झाडून टाकायची. “हरणाचं नाक म्हंजे सासूचं नाक,” ते म्हणत. “तू काय खाल्लं, कुठं खाल्लं, कोणासंग खाल्लं, सारं समजते त्याले.” आणि आत शिरला की हा गडगडाट करणारा माणूस असा गप्प होई, की मी दोनदा नाकाशी बोट धरून श्वास तपासला आहे. “लपणात माणूस बसत नाही राजा. माणूस विरघळते.”

पुढच्या वर्षी ते दोघं ऑस्ट्रेलियाला गेले. लपण मला देऊन गेले. त्याची घडी आठाच्या आकड्यासारखी पिळून घालायची असते म्हणतात. मी पिळायला घेतलं की तेच मला पिळतं. गॅरेजमध्ये ते उघडंच पडलंय आणि त्यापायी गाडी पावसात उभी असते. पण ते टाकवत नाही, ते त्या ऑक्टोबरमुळे.

साथीच्या त्या ऑक्टोबरात, हॉस्पिटल पेशंटांनी भरलेलं असताना, वहिनींची झोप गेली. घरी आल्या की वरच्या खोलीत वेगळ्या राहायच्या, गजूभाऊ जेवणाचं ताट जिन्यावर ठेवून खाली यायचे. महिना होत आला, वहिनींचा डोळा लागत नव्हता. गोळीने गुंगी यायची, झोप नाही. एकदा कुंपणापलीकडून त्या मला म्हणाल्या, “दिवसभर दुसऱ्यांना झोपवते मी. पण अशीच राहिले तर एखाद्या दिवशी माझा हात चुकेल. त्याआधी नोकरी सोडलेली बरी.” हे त्यांनी दूध संपलंय म्हणावं तसं सांगितलं. गजूभाऊ त्या दिवशी माझ्याशीसुद्धा हळू बोलले, यावरून काय ते समजा.

मग त्यांनी ठरवलं, बायकोला हरीण दाखवायचं. जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी वर सांगितलं, “तिथं तुले कोणी पाहू शकत नाही, माधुरी. कोणी काही विचारत नाही. तू फकत पाह्य. एकदा तो शिंगवाला पाह्यला ना, डोक्यातलं सारं धुऊन निघन.”

घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला तेव्हा बंदी. गजूभाऊंनी नकाशावर कंपास फिरवला आणि काठावर ह्यूई नावाच्या शेतकऱ्याचं कुरण सापडलं, जंगलाला लागून. ह्यूई म्हणाला, “ग्रँड. तुझा तो शिंगवाला चारच्या सुमारास खाली उतरतो.” लपण आधीच मांडलं गेलं. दोन दिवस घरात फोडणी बंद! अमरावतीच्या माणसाने बिनलसणाची उकडलेली भाजी खाल्ली. याहून मोठा त्याग पुराणात असल्यास मला दाखवावा.

वहिनी एकट्याच आत गेल्या. आम्ही दोघं वाऱ्याच्या खालच्या बाजूला, दगडी बांधामागे, एकमेकांपासून अंतर राखून चिखलात पालथे. पाऊस पडत नव्हता, नुसता हवेत लोंबकळत होता. चार वाजले, साडेचार झाले.

आणि तो आला. शिंगं म्हणाल तर वडाच्या पारंब्या उलट्या लावाव्यात तशी. माजाचे दिवस, मानेवर आयाळ, अंगातून वाफा. ऐटीत चालत तो लपणाशी आला, नेच्याच्या झुबक्यात शिंगं घासली, तंबू थरथरला. मग खिडकीपासून हातभर अंतरावर उभं राहून, मान वर करून तो असा डरकला, की माझ्या दाढेत भरलेली चांदी सैल झाली आणि लांब कुठेतरी ह्यूईचा कुत्रा घरात पळाला.

लपणात हालचाल नाही. आवाज नाही.

“माधुरी…” गजूभाऊंचे नुसते ओठ हलले. त्यांनी टोपी काढून तोंडात कोंबली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टोपीमुळे की कशामुळे, मी विचारलं नाही. हरीण आणखी दोनदा डरकलं आणि सावकाश, घरचं असल्यासारखं, झाडीत गेलं.

गजूभाऊ बांध ओलांडून धावले. धावताना दोनदा पडले. तंबूपासून चार हात लांब थांबले, कारण जवळ जायचं नव्हतं, आणि ओरडले, “पाह्यला? माधुरी, पाह्यला का तू? कसा होता सांग ना वो!”

मग तंबूची चेन हळूहळू खाली आली. वहिनी बाहेर वाकल्या. गालावर जॅकेटच्या बाहीचा लाल वळ उमटला होता, केस एका बाजूला चपटे झाले होते. त्यांनी उजेडाकडे पाहून डोळे मिचकावले.

“कोण?” त्या म्हणाल्या. “मला झोप लागली होती.”