दुहेरी टिपेची कॉफी

मास्तरांनी शिवलेला शर्ट फाटलाच तर कापडात फाटायचा, शिवणीत कधीच नाही. याचा त्यांना इतका ताठा, की नुसती चिकटवलेली किंवा घडी घातलेली कुठलीही वस्तू दिसली की ते नाक मुरडायचे. दुसरा ताठा कॉफीचा. दुकानाच्या मागच्या खोलीत ते पातेल्यात पूड टाकून रटरटा उकळायचे आणि गाळ बसला की वरची काळीकुट्ट कॉफी दिवसभर भुरकायचे. बायकोला सोडून कुणाला कधी घोटभर विचारल्याचं ऐकिवात नाही.

मग रक्ताचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल वर चढून बसलेलं. मास्तरांनी लोणी सोडलं, तळलेल्याकडे पाठ फिरवली, तरी कोलेस्टेरॉल ढिम्म. शेवटी पँटची कंबर सैल करून घ्यायला आलेल्या डॉक्टरांना ते पातेलं दिसलं.

"अहो मास्तर, असं उकळलं की कॉफीतलं तेल कपात उतरतं, आणि तेच कोलेस्टेरॉल वाढवतं. कागदातून गाळा. तेल कागदात अडकेल."

संध्याकाळी डॉक्टरांनी गाळायच्या कागदाचं पाकीट आणि एक नरसाळं पाठवून दिलं.

"पुढचा रिपोर्ट असाच आला तर पातेलं भंगारात आणि कॉफी कायमची बंद," बायकोनं बजावलं. ती उगाच बोलणारी नव्हे. आणि कॉफी पोटात गेल्याशिवाय मास्तरांच्यानं सुईत दोरा ओवला जात नसे.

त्यांनी पाकीट उघडलं. आत नुसत्या गोल चकत्या! ना शिवण, ना टीप.

"घ्या! कापून ठेवलंय आणि शिवायचं विसरलेत गाढव," असं म्हणत मास्तर मशीनवर बसले. एकेका चकतीचा देखणा कोन केला, त्याला दुहेरी टीप मारली, काठाला पाइपिंगसुद्धा लावलं. कॉफी भरभर खाली आली.

"वा! चव अगदी पहिल्यासारखी!" ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागले.

रिपोर्टही अगदी पहिल्यासारखाच आला.

बायकोनं पातेलं उचललं. मास्तर गळ्यात टेप अडकवलेलेच दारात आडवे उभे राहिले. बिचाऱ्यांना खरंच रडू फुटायच्या बेतात होतं.

"अगं, कागदच खोटा असणार! शिवणीत खोट काढून दाखव."

बायकोनं एक कोन खिडकीपाशी धरला. सुईच्या भोकाभोकातून ऊन आत आलं.

"गाळणी आहे की चाळण? तेल अडकवायचं सोडून त्याला दारं करून दिलीत तुम्ही!"

तिनं नवी चकती घेतली, एकदा दुमडली, पुन्हा दुमडली, उघडून नरसाळ्यात बसवली. कॉफी थेंब थेंब पडू लागली.

"नुसत्या घडीवर काही टिकतं का गं?"

"आपला संसार कुणी शिवलाय?"

मास्तरांनी उरलेल्या चकत्या मशीनवरून उचलून तिच्या हातात दिल्या. पुढचा रिपोर्ट मात्र मुकाट्यानं खाली आला.

"आता कशी लागते?" बायकोनं विचारलं.

"पाणचट," मास्तर म्हणाले आणि कप पुढे केला. "अजून घाल."