ज्येष्ठमधाच्या दुकानातला बसलेला घसा

घसा बसला की सगळी गल्ली मुळीवाल्या काकूंकडे धाव घ्यायची. काकूंच्या दुकानात जडीबुटी बरीच होती, पण नाव झालं ते ज्येष्ठमधामुळे. कोरडा खोकला असेल तर मुळीचा तुकडा चघळायला, तोंड आलं तर काढ्याच्या गुळण्या, पित्ताला चिमूटभर पूड दुधातून. ब्लडप्रेशरवाल्यांना मात्र त्या सरळ परत पाठवायच्या. "तुम्हाला नाही सोसायचं हे. प्रेशर वाढतं यानं."

त्यांचे यजमान बसस्थानकावर गाड्या पुकारायचे. आवाज असा, की माइक बंद पडला तरी कुणाची बस चुकायची नाही. लोक त्यांना भोंगा म्हणत आणि त्यांनाही ते आवडे.

एका हिवाळ्यात भोंग्याचा घसा बसला. काकूंनी काढा दिला, दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा घरघर. काकूंनी काढा दाट केला, गुळण्या वाढवल्या. गिऱ्हाइकांना त्याच मुळीनं गुण येत होता, घरातल्या माणसाला येईना. शेवटी त्या त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "स्वरयंत्रात गाठ आहे. गाठ वाईट आहे. स्वरयंत्रच काढावं लागेल."

"माझ्या काढ्यानं झालं का हो?"

"नाही, ताई. काढ्यानं झालं नाही, आणि काढ्यानं थांबणारंही नव्हतं."

"लवकर आणलं असतं तर?"

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भोंगा बायकोशी दिवसभर बोलत राहिला, फाटक्या आवाजात, काहीबाही. दुधाचं, छताच्या गळतीचं. काकू हं हं करत राहिल्या. थांबा म्हणायचा धीर त्यांना झाला नाही.

आता श्वास गळ्यावरच्या भोकातून चालतो. नोकरी सुटली, म्हणून ते दुकानात बसतात. परवा नवं पोतं आलं. काकूंनी सुतळी सोडली, मूठभर मुळ्या त्यांच्या नाकाशी धरल्या.

"बघा, किती ताजा माल आहे."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. नाकातून हवाच जात नाही, तर वास कुठून येणार? हे काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. त्या मूठ तशीच धरून उभ्या राहिल्या. समोर एक गिऱ्हाईक खोकत होतं.

"काकू, घशासाठी काही द्या ना."

काकूंनी त्याच मुळ्या कागदात बांधल्या. "पंधरा दिवसांत घसा मोकळा झाला नाही तर माझ्याकडे येऊ नका," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांकडे जा."