चाळणीबाई

तिला तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘चाळणीबाई’. हे दुसरं नाव तिला ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, पहिल्यापेक्षा जास्त आवडायचं. चपलांच्या दुकानावरच्या खोलीत तिचं लग्नं जुळवण्याचं कार्यालय होतं. मुलांची कार्डं निळी, मुलींची पिवळी. कार्डावर माहिती कमी आणि अटी जास्त. मुलगा मितभाषी हवा, पण गप्पिष्टही हवा. मुलगी स्वतंत्र विचारांची हवी, पण ते विचार आमचे हवेत. असल्या अटी घालणाऱ्यांचे फोटो पाहिले की बाई म्हणायची, “आरसा नाही वाटतं यांच्या घरी.”

चाळायची मात्र मन लावून. कोण घोरतो, कोणाला आईचा फोन दिवसातून किती वेळा येतो, कोण जेवताना तोंड पाडून बसतो, सगळं खोदून विचारायची. तीन आठवडे डोकं खाजवून एका निळ्याला एक पिवळं ठरवायची, वहीत जोडी लिहायची आणि कार्डं धाकट्या बहिणीकडे द्यायची. धाकटी बाहेरच्या टेबलावर बसून ती टाचायची, दोन्हीकडे पत्रं पाठवायची आणि महिनाअखेरीस सांगायची, “ताई, या महिन्यात दोन जमली.” लग्नाला बाई कधी गेली नाही. सुतार काय विकलेल्या खाटेवर झोपून बघतो का, असं तिचं म्हणणं.

धाकटी पंचेचाळिशीची, बिनलग्नाची. दिव्याखाली अंधार कसा, असं लोक विचारायचे. “तिच्यासाठी चाळणी अजून बारीक लावली होती,” बाई ताठ मानेनं सांगायची. चार स्थळं आली होती. एक मचमच करत खायचा. एकाचं हसू उसनं वाटलं. एकाला तीन बहिणी होत्या. चौथा घड्याळजी. त्याच्याबद्दल धाकटी एवढंच म्हणाली होती, “बरा वाटतो.” पण तो भेटायला वीस मिनिटं उशिरा आला. घड्याळजी, आणि उशिरा! बाईनं चहा संपायच्या आत त्याला वाटेला लावलं.

एका सकाळी एक जोडपं आभार मानायला आलं. तो लिलावात बोली पुकारणारा. बोलला की खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं वर बघायची. ती ग्रंथालयातली, आणि तिच्या कार्डावरची पहिलीच अट होती, घरात शांतता हवी. लग्नाला पाच वर्षं झाली होती. तो बडबडत होता आणि ती त्याच्याकडे कौतुकानं बघत होती.

“बाई, तुमची नजर म्हणजे नजर,” ती म्हणाली. “माझं मी शोधलं असतं तर या माणसाला दारातसुद्धा उभं केलं नसतं.”

बाईनंही केलं नसतं. ते गेल्यावर तिनं वही काढली. ग्रंथालयातलीसाठी तिनं नकाशे काढणारा एक अबोल गृहस्थ ठरवला होता. धाकटीच्या फायलीत तो नाच शिकवणारीचा नवरा निघाला, आणि सुखात आहोत असं त्या दोघांचं पत्रही होतं. मग पुढचं पान, मग त्याच्या पुढचं. गेल्या सहा वर्षांत वहीतली एकही जोडी फायलीत नव्हती; त्याआधीच्या सगळ्या होत्या. आणि जमलेली लग्नं? आधीही वर्षाला वीस-बावीस, नंतरही वीस-बावीस. मोडायची ती आधीही एखाददुसरं, नंतरही एखाददुसरं.

म्हणजे तीस वर्षं ती चाळणीनं पाणी भरत होती. दुसरा कोणी असं बोलला असता तर तिनं त्याला मूर्खात काढलं असतं. पण वही तिच्याच अक्षरातली होती. कार्यालय बंद पडलं तर पडलं. गावाला आपली गरज नव्हती, हेही एक वेळ गिळता आलं असतं. पण कोणीही चालत असेल, तर धाकटीच्या त्या चौघांतलाही कोणीही चालला असता.

तिनं धाकटीला आत बोलावलं आणि वही, फाईल शेजारी शेजारी ठेवल्या. “हे काय आहे?”

“सहा वर्षांपूर्वी खोलीला रंग दिला ना, तेव्हा ट्रे पडला माझ्या हातून,” धाकटी म्हणाली. “कार्डं मिसळली. तू ओरडशील म्हणून हाताला लागली तशी टाचली.”

“तो एकदा पडला. पुढची सहा वर्षं?”

“पुढे मुद्दाम.”

“अक्कल गहाण टाकलीस का? लोकांच्या आयुष्याशी खेळत होतीस.”

“तूही तेच करत होतीस, ताई. फक्त वेळ जास्त घ्यायचीस.”

“कशासाठी पण?” बाईनं विचारलं.

“माझं घड्याळजीशी जमलं असतं का, ते बघायचं होतं.”

“मग?”

“पहिल्याच वर्षी कळलं.”

“मग थांबली का नाहीस?”

धाकटीनं वही मिटून तिच्यापुढे सरकवली. “वाटायचं, पुढच्या वर्षी तरी तुझं खरं निघेल,” ती म्हणाली. “म्हणजे मला जरा बरं वाटलं असतं.”