उजवा स्पीकर: कुडवा ते अर्जुनी मोरगाव

जुने स्पीकर ऐकायला ऐंशी किलोमीटर मोटारसायकलवर जाणारा माणूस डोक्यानं सरकलेला असतो, असं माझ्या बायकोचं, प्रज्ञाचं, मत. तरी ती आली. रविवार होता, आणि वाटेत नवेगावबांधचा तलाव लागतो.

मी गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये ऑपरेटर. कुडव्यातल्या आमच्या घरी कॉम्प्युटर आहे आणि त्यात वडिलांच्या गायन मंडळाची भीमगीतं आहेत. सगळी जुन्या कॅसेटवरून मीच उतरवून घेतलेली. ती ऐकायची मात्र प्लास्टिकच्या दोन टिचभर डब्यांवर. मला ॲक्टिव्ह स्पीकर हवे होते. म्हणजे ॲम्प्लिफायर आतच बसवलेला असतो. कॉम्प्युटरची वायर लावली की झालं. नवे परवडत नव्हते. अर्जुनी मोरगावच्या उईके मॅडमनी जाहिरात टाकली होती, 'ऐका, मग ठरवा.' तेवढ्यावर निघालो.

सकाळी सातला निघालात तर कोहमाऱ्यापर्यंतचा रस्ता मोकळा मिळतो. धान कापणीचे दिवस होते, डांबरावर तणस सांडलेलं, त्यावर चाक सरकतं, जपून चालवा. कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकवाल्यांच्या ढाब्यावर गरम आलूबोंडा आणि चहा घेतला. इथं पोट भरून घ्या, पुढं धड काही मिळत नाही. तिथून नवेगावबांधकडे वळलं की जंगल सुरू होतं. मी छान तंद्रीत गाडी हाणली आणि थेट अर्जुनीतच थांबलो. प्रज्ञा उतरली ती तोंड फुगवूनच. थकली असेल, असं मला वाटलं.

उईके मॅडम कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. आता मुलीकडे रायपूरला कायमच्या निघाल्या होत्या. कमरेला पदर खोचून त्यांनी सामान बांधायला काढलेलं. समोरच्या खोलीत दोन काळे स्पीकर, मधे एक खुर्ची.

"बसा. तुमचीच गाणी लावा," त्या म्हणाल्या.

लॅपटॉप नेला होता. वडिलांचा आवाज खोलीत असा उभा राहिला की अंगावर काटा आला. ढोलक थेट छातीत वाजत होती. पण झांजा नुसत्या डावीकडून येत होत्या. तीन गाणी बदलून पाहिली, तरी तेच.

"मॅडम, उजवा स्पीकर गेला आहे," मी म्हणालो. वर आणखी बोललो. "इतक्या दुरून बोलावता तर आधी सांगायचं ना. खराब माल कायले दाखवता?"

त्या चिडल्या नाहीत. "हे रेकॉर्डिंग एकाच माइकचं हाय ना? मंग दोन्हीकडून सारखंच यायले पायजे." त्यांनी दोन्ही स्पीकरची अदलाबदल केली. झांजा पुन्हा डावीकडेच.

"पाहा, आता चांगला स्पीकर उजवीकडे हाय, तरी उजवीकडे झांजा नाही. आता खुर्ची फिरवा. पाठ करून बसा."

मी फिरून बसलो. मघाशी मुका वाटलेला स्पीकर छनछन वाजायला लागला आणि दुसरा मुका झाला.

मला समजलं होतं, पण मानायचं नव्हतं. डाव्या कानात बोट घातलं. वडील गात होते, ढोलक वाजत होती. झांजा गेल्या. बोट काढलं, आल्या. घातलं, गेल्या.

"स्पीकर चांगले आहेत," मॅडम हळूच म्हणाल्या. "कान दाखवून घ्या."

प्रज्ञा उठून माझ्या उजव्या बाजूला आली. "बोट ठेवा तसंच." तिचे ओठ हलले. मला काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं. शब्द एकही नाही.

"काय म्हणालीस?"

"ढाब्यावर म्हनलं तेच. तलावाजवळ थांबा. दोन डाव म्हनलं होतं." ती खाली बसली. "मले वाटे, तुमी आयकून न आयकल्यावानी करता. किती वर्षं झाले, मी असंच समजून राहिली."

"काऊन बोलली नाही मग?"

"बोललीच तं. त्याच बाजूनं."

त्या दिवशी स्पीकर घेतले नाहीत. मॅडमची माफी मागितली, तर त्यांनी जेवायला बसवलं. परतताना तलावाच्या पाळीवर तासभर बसलो, पण पाणी पाहिल्याचं मला आठवत नाही.

गोंदियात कानाच्या डॉक्टरांनी एका बंद खोलीत बसवून तपासणी केली. कागदावरची उजव्या कानाची रेघ शेवटाला, बारीक आवाजांच्या टोकाला, धाडकन खाली गेलेली. त्यांनी एकच विचारलं, "मिल में मशीन किस तरफ रहती है?"

उजवीकडे. चौदा वर्षं.

गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा, असं ते म्हणाले. पुढच्या रविवारी रेल्वेनं जाऊन स्पीकर घेऊन आलो. तुम्हीही आणणार असाल तर गाडीवर नको, रेल्वेच बरी. मात्र परतीच्या गाडीची वेळ आधीच विचारून ठेवा.

मिलमधल्या चौघांना घरी बोलावलं. गाणी ऐका म्हटलं आणि एकेकाला खुर्चीत बसवलं. दोघांनी सांगितलं, एका बाजूचा आवाज बसका आहे. धनराजकाका सगळ्यांत जुने. ते गाणं संपेपर्यंत मान डोलावत राहिले आणि म्हणाले, "चांगलं हाय. पन झांजा कुठं हायेत?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"माही नात बोलते ना," ते म्हणाले, "तं मी नुसता हासतो. लेकराचं बोलनं बारीक रायते, मले समजतच नाही. ती म्हनते, आबा लय हासरे हायेत."

सोमवारी आम्ही पाचही जण मशीनच्या आवाजाचं आणि कानांचं सांगायला मिलमालकाच्या केबिनमध्ये गेलो. धनराजकाकांना मी माझ्या डावीकडे उभं केलं.