ॲव्हरेज आणि उतार

आमच्या नणंदेचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, डिझेल वाचवण्याच्या नादात मोडता मोडता राहिलं.

पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. भिलाईत जिकडे पाहावं तिकडे लाल मुरूम आणि मुरूम वाहणाऱ्या गाड्या. त्यातली एक आमची, डिझेलचा जुना पिकअप. आमचे हे तो अनवाणी चालवत (चप्पल घातली की ॲक्सिलरेटर किती दाबला ते पायाला कळत नाही म्हणे!). बाकीचे ड्रायव्हर दुपारीच डिझेल मागत फिरायचे, तेव्हा आमच्या टाकीत काठी बुडवली की अर्धी ओली निघायची. मला ह्यांचं भारी कौतुक. शेजारणी नवऱ्याचा पगार सांगत, मी गाडीचं ॲव्हरेज सांगायची.

साक्षगंध अहिवाऱ्याला, मुलाकडे होतं. मुलाचे वडील चुनखडीच्या खाणीत गाड्यांवर देखरेख करत. माणूस कडक, मानपानात जरा कमी पडलं तर सोयरीक मोडणारा. बुंदीच्या टोपल्या, गंज-पातेली, सतरंज्या, नवरदेवाचे कपडे, सगळं आम्ही न्यायचं ठरलं. सासूबाई आणि नणंद बसने पुढे गेल्या. मागे ताडपत्रीखाली सामान आणि दोन छत्तीसगढी हमाल, पुढे आम्ही दोघं.

"तू सडकेकडं पाह्यत राह्य," हे म्हणाले. "उतार दिसला का ओरड. मी इंजन बंद करतो, गाडी न्यूटलमधी फुकटात जाते."

एवढा विश्वास ह्यांनी माझ्यावर कधी टाकला नव्हता! पहिला उतार दिसताच मी खिडकीतून अर्धी बाहेर आले आणि ओरडले, "उतार!" गाडी घरंगळत नाल्यापाशी गेली आणि आपोआप थांबली. हे बॉनेट उघडून इंजिनाला पाणी पाजायला लागले, मी डबा धरला. मागे धपधप आवाज आला.

"काय होय ते?" मी विचारलं.

"हमाल पाय मोकळे करून राह्यले असतीन."

तिकडचे उतार ते केवढेसे, पण मी एक सोडला नाही. जमीन जरा वाकली की माझा गळा सुरू. दर उतारानंतर गाडी तशीच थांबायची, आणि पुन्हा सुरू झाली की जास्तच जोमात पळायची.

"पाह्यलं का? नवी गाडीबी अशी नाही पळत."

"अवो, तुमचा पायच तसा हाय," मी म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं.

अहिवाऱ्याला व्याही दारातच उभे होते. त्यांच्यासमोर ताडपत्री उघडली. आत दोन हमाल आणि एक सतरंजी, तीही त्यांच्या बुडाखाली.

"सामान कुठं गेलं?" ह्यांचा आवाज चिरकला.

"बाई हा कहिस उतार, त हमन उतार देन," एक हमाल शांतपणे म्हणाला.

बिचारे रोज सडकेच्या कामावर जात. गाडी थांबली, कोणी "उतार", म्हणजे त्यांच्या बोलीत "खाली उतरव", म्हटलं की मुरमाचा एकेक ढीग कडेला घालायचा. आमचंही सामान त्यांनी तसंच, गावोगावी, कडेला व्यवस्थित रचून ठेवलं होतं. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर धरणीने पोटात घेतलं असतं तरी चाललं असतं.

 व्याह्यांनी सवयीने टाकीत काठी बुडवली, वर काढली आणि पाहतच राहिले.

"भिलाईवरून आले, आन् टाकी एवढी भरली? कशी काय?"

"सामान सडकेवर होतं ना," हे खाली मान घालून म्हणाले.

व्याही पोट धरून हसले. "असा माणूस सोयऱ्यात पायजेच. जा, सामान घेऊन या. आमी थांबतो."

हे गेले, एकेक ढीग उचलत आले. गावकऱ्यांनी बुंदीवर पहारा ठेवला होता. साक्षगंध थाटात झालं. निघताना व्याही ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगी आमची झाली. पण लग्नाले येतानी तुमच्या बाईले समोर नोका बसवू. नाहीतर नवरीलेच सडकेवर उतरवान."

लग्नाला नवरी आमच्या गाडीने गेली. मी बसने.